माझी कात्री आणि हिरूबायची सुकट

माझ्या दुकानात भिंतीवर माझाच फोटो होता आणि काही गिऱ्हाइकं त्याला हात जोडायची. यात माझी थोरवी काही नाही. औषधाच्या दुकानात फार्मसिस्टचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं, आणि माझ्या प्रमाणपत्रावर माझा बाविसाव्या वर्षीचा फोटो होता. दोन वेण्या, ठसठशीत टिकली आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेची भीती. शेजारच्या गणपतीच्या हाराचं एक टोक पंख्याच्या वाऱ्याने नेहमी माझ्या चौकटीवर येऊन पडायचं. डहाणूत दुकान टाकून वीसेक वर्षं झाली असतील तेव्हा वाणगावकडच्या एका आजोबांनी गोळ्या घेता घेता फोटोकडे पाहून विचारलं, "पोर लहानच गेली. काय झालं होतं?" मी म्हटलं, आजोबा, ती मीच. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग औषधं घेत जा."

संपादकांना माझ्याकडून दिवाळी अंकासाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन हवं होतं. माझी मार्गदर्शन करण्याची लायकी किती ते पुढे कळेलच. मी एवढंच कबूल केलं की दुकानात काय घडलं ते लिहीन, आणि त्यात जे लाजिरवाणं आहे ते गाळणार नाही.

आमच्याकडे औषधाच्या दुकानाला मेडिकल म्हणतात आणि मेडिकलवालीला तीन नावं असतात. गुजराती गिऱ्हाईक 'बेन' म्हणतं, समुद्रकाठची आणि पाड्यांवरची माणसं 'ताय' म्हणतात, आणि ज्यांना चिठ्ठीशिवाय काहीतरी हवं असतं ते 'मॅडम' म्हणतात. तिघांनाही बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते. "बेन, दुखावानी गोळी आपो ने." कंबर दुखते, गुडघा दुखतो, दात दुखतो, चिकूच्या झाडावर हात वर करून करून खांदा दुखतो. तीस वर्षांत मला एकही माणूस भेटला नाही ज्याचं काही दुखत नव्हतं. एक भेटला होता, पण तो औषध कंपनीचा विक्रेता होता.

या धंद्यातलं पहिलं सत्य मी तलासरीला शिकले. नाक्यावरच्या एका दुकानात माझी पहिली नोकरी होती. डोंगरातल्या गावांतून बाजाराला माणसं उतरायची आणि येताना शेजारपाजारच्यांची औषधंही न्यायची. एका शेतकऱ्याने डोक्याचा रुमाल सोडला, त्याला तीन गाठी. एका गाठीत बायकोच्या गोळीचं रिकामं पाकीट, दुसरीत भावाचं, तिसरीत त्याचं स्वतःचं. तिन्ही गाठी मोठ्या उत्साहाने एकदम सोडल्या आणि मग कुठलं कुणाचं ते तो विसरला. मी पाकिटांची मागची बाजू वाचून मोठ्या रुबाबात सांगितलं, ही रक्तदाबाची, ही आम्लपित्ताची, ही फिटची. "तुमच्याकडे फिट कुणाला येते?" तो म्हणाला, "म्हशीला नाय येत, एवढं सांगतो." अखेर ती भावाची निघाली.

सांगायचं ते हे, की ज्याचं दुखतं तो दुकानात येत नाही. ज्याला बाजारात काम असतं तो येतो. आम्ही काउंटरच्या अलीकडे उभे राहून ज्याला गोळी देतो त्याला काही झालेलं नसतं, आणि ज्याला झालेलं असतं त्याचं तोंड आम्ही बघत नाही. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कळूनही पुढे मी काय केलं, तीच ही गोष्ट.

त्याआधी माझ्या कात्रीविषयी सांगितलं पाहिजे. दहा गोळ्यांचं अख्खं पाकीट फार थोडे लोक घेतात. कुणाला चार हव्या असतात, कुणाला दोन. मग पाकीट कापायचं. कापलं की चंदेरी कागदाच्या कोपऱ्यांना धार येते, ती बोटाला लागते, आणि एका आजींनी तर गोळी कागदासकट गिळून घशाला इजा करून घेतली होती. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करून द्यायला लागले. गर्दी असो, वीज गेलेली असो, कोपरे गोल. समोरच्या दुकानदाराने मला त्यावरून 'शिंपीण' नाव ठेवलं होतं. मला त्याचा राग आला नाही, उलट अभिमानच वाटायचा. सगळ्या डहाणूत गोल कोपऱ्याची गोळी म्हणजे माझ्या दुकानची गोळी. आता कोपरे गोल करताना गोळीचं नाव, ताकद आणि मुदतीची तारीख थोडी थोडी उडायची, पण नाव वाचणारं होतंच कोण? लोक रंग वाचायचे. पिवळी दे, लाल दे, घोड्याची दे. घोड्याची म्हणजे आकाराने मोठी.

समुद्रकाठच्या वरोरहून काशिनाथ यायचा. सहा सीटर रिक्षात तो किती सीट बसवायचा ते लिहीत नाही, तो अजून रिक्षा चालवतो. सकाळी मासळीवाल्यांना बाजारात सोडायचा आणि परतीच्या वेळेपर्यंत गावाची कामं करायचा. त्यातलं एक काम म्हणजे औषधं. प्रत्येक घराने आपलं रिकामं पाकीट जाळ्याच्या दोऱ्यात बांधून दिलेलं असायचं, आणि दोऱ्याला प्रत्येक घराची वेगळी गाठ. माझ्यासारखीला सगळ्या गाठी सारख्याच दिसायच्या, पण त्याला अंधारातही चाचपून कळलं असतं. मी गोळ्या कापायची, कोपरे गोल करायची आणि तो त्याच दोऱ्याने, त्याच गाठीने परत बांधून घ्यायचा. एवढ्या वर्षांत त्याने एकाची गोळी दुसऱ्याला दिली नाही. आमच्या पोस्टाविषयी मी असं म्हणणार नाही.

याच वरोरची हिरूबाय डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. पासष्टीची, आवाज भरतीचा, आणि बाजारात कोपऱ्यावरची जागा तिची. ती जागा तिच्या सासूची होती. हिरूबाय लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथे बसत होती आणि कोपऱ्याची असल्यामुळे दोन्हीकडचं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे यायचं. आठवड्यातले पाच दिवस ती तिथे उकिडवी बसायची. मासळी वाट्याने विकायची. तराजूवर तिचा विश्वास नव्हता, विशेषतः दुसऱ्याच्या.

तिला रक्तदाब होता आणि हृदय थोडं थकलं होतं. पाय सुजायला लागले तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवीची गोळी सुरू केली. आमच्याकडे हिला कुणी पाण्याची गोळीही म्हणतात. अंगात साठलेलं जादा पाणी आणि मीठ ही गोळी मूत्रपिंडाला बाहेर काढायला लावते. चिठ्ठी घेऊन यायची तिची सून प्रमिला. प्रमिला शिकलेली, नीट विचारणारी, मी सांगितलेलं वहीत लिहून घेणारी. अशी गिऱ्हाइकं आली की आम्हाला आपण शिकलो त्याचं सार्थक वाटतं.

दोन महिने झाले तरी सूज उतरेना. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. प्रमिला नवी चिठ्ठी घेऊन आली आणि माझ्यासमोर हताश होऊन उभी राहिली. गोळ्या तर मी हातावर ठेवते, म्हणाली, सासूबाई घेते म्हणतात, आणि पाय बघा तर दाबला की खड्डा. मी लगेच निदान केलं. निदान करायचा मला अधिकार नाही, पण तो नसलेल्यांनाच ते लवकर सुचतं. मी म्हटलं, मीठ. घरात सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी. मीठ पाणी धरून ठेवतं, गोळी बिचारी एकटी काय करणार. सुकट बंद करा.

बोंबील सुकवणाऱ्या घरात सुकट बंद करणं म्हणजे काय ते समुद्रकाठच्या वाचकांना सांगायला नको. हिरूबायने दोन दिवस सुनेशी अबोला धरला. मग ती शेजारणीकडे जाऊन खाते असा घरात संशय निर्माण झाला. मुलगा आईला ओरडला, मग बायकोला ओरडला, की तू लक्ष ठेवत नाहीस. प्रमिलाने घरातली सुकट डब्यात घालून डब्याला कुलूप लावलं. हे सगळं मला प्रमिलाकडून कळत होतं आणि मी तिला धीर देत होते, की तू बरोबर करते आहेस. मीठ कमी करायचा सल्ला खोटा नव्हता, तो तिला तेव्हाही लागू होता आणि आजही आहे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार चालला होता, आणि चोराला रोज कोण शिदोरी बांधून देत होतं ते मला माहीत नव्हतं.

असे आणखी दोन महिने गेले आणि तो बाजाराचा दिवस आला. डॉक्टरांनी तिला आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं आणि माझ्या दुकानासमोर वजनकाटा होता. दुपारी बाजार उठल्यावर हिरूबाय आली, टोपली खाली ठेवली आणि काट्यावर चढली. आठवड्यापूर्वीपेक्षा चार किलो जास्त. मी तिला आकडा सांगितला.

"तुजा काटा खोटा हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं उतर, पुन्हा चढ. काटा पुन्हा तेच बोलला. वाट्याने मासळी विकणाऱ्या बाईने माझ्या काट्याला खोटं म्हणावं याची मला गंमत वाटली, आणि मी थट्टेत म्हटलं, हिरूबाय, चार किलो सुकट खाल्लीस का गं? ती भडकली. दोन महिने सुकट नाकाला लावली नाही, सून वास घेऊ देत नाही, असं काहीतरी ती बोलत होती, आणि मला जाणवलं की दर दोन शब्दांनंतर ती थांबून श्वास घेते आहे. भरतीचा आवाज ओहोटीला लागला होता. मी तिला स्टुलावर बसवलं. तिने पाणी मागितलं. मी तांब्या आणला, आणि तिने कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढली.

चंदेरी तुकडा, चारही कोपरे गोल. त्याभोवती जाळ्याचा दोरा, दोन गाठी.

तो तुकडा मी आदल्या दिवशी कापला होता. काशिनाथकडून येणारं दोन गाठींचं पुडकं मला चांगलं आठवत होतं, कारण ते सगळ्यांत जास्त वेळा यायचं. लाल गोळी, दुखण्याची, सुजेची, कडक. एकदा मी त्याला विचारलंही होतं, दोन गाठींची कोण रे? तो म्हणाला होता, हाय गावातली एक. माझं तेवढ्याने समाधान झालं होतं. मी पुढचं पुडकं कापायला घेतलं होतं.

मी तिचा हात धरला आणि विचारलं, ही कुणाची?

"माजीच. गुडघ्याची."

"दिवसाला किती?"

"सकाली एक, बसली का एक, उठताना एक. लय दुखलं तर आनखी एक." मग तिने आजूबाजूला पाहिलं. "घरात बोलू नको. गुडघे गेले म्हनून कललं तर पोरगा बाजार सोडवील."

म्हणून ती काशिनाथकडून चोरून मागवत होती. मी लघवीच्या गोळीविषयी विचारलं तेव्हा ती आणखी हळू बोलायला लागली. बाजाराच्या दिवशी ती गोळी ती घेतच नव्हती. सुनेसमोर तोंडात टाकायची आणि रिक्षात चढण्याआधी थुंकायची. "जाऊ कुठं मी? टोपली कुनावर सोडू? आनि तिथं जाऊन बसली तर मना उठवनार कोन?" बाजारातलं संडास उकिडवं बसायचं होतं, तिचे गुडघे वाकले तर उघडत नव्हते. आठवड्यातले पाच दिवस ती या हिशेबाने सकाळी पाणीसुद्धा पीत नव्हती.

हे ती मला बाई म्हणून सांगत होती. डॉक्टरांना तिने सांगितलं नसतं, मुलाला तर नाहीच. मी बाई होते आणि दहा वर्षं तिच्यासमोर काउंटरला उभी होते, आणि तिला कधीही विचारलं नव्हतं. सुकटीवर मात्र व्याख्यान दिलं होतं.

आता बाहेरच्यांसाठी दोन शब्द साध्या भाषेत. दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एका आईची लेकरं नव्हेत. एक साधी पॅरासिटामोल, तापाची म्हणतो ती. दुसऱ्या सूज उतरवणाऱ्या, 'कडक' म्हणून लोक मागतात त्या. या दुसऱ्या जातीतल्या बऱ्याचशा कायद्याने चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. आम्ही देतो. मी दिल्या. तर ही कडक गोळी मूत्रपिंडात जाणारं रक्त कमी करते आणि पाणी व मीठ अंगात अडवून धरते. म्हणजे लघवीची गोळी दार उघडायला जाते आणि हिने आतून कडी लावलेली असते. रक्तदाब वर चढतो, पाय सुजतात, वजन भराभर वाढतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या यात तिसऱ्या मिळाल्या आणि माणूस पाणीही कमी पीत असला, तर तिघी मिळून मूत्रपिंड बसवतात. हिरूबायच्या बाबतीत सगळं जुळून आलं होतं. डॉक्टरांना वाटत होतं की गोळी कमी पडते आहे, सुनेला वाटत होतं की मीठ जास्त होतं आहे, आणि मी तिकडून उघडायची गोळी देत होते, इकडून कडी.

मी तिच्या हातातली गोळी काढून घेतली, डॉक्टरांना फोन केला आणि काशिनाथच्याच रिक्षातून तिला दवाखान्यात पाठवलं. जाताना तिने टोपली माझ्या दुकानात ठेवली. तीन दिवस दुकानाला मासळीचा वास होता. समोरचा म्हणाला, शिंपीण आता कोळीण झाली.

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा नको तेवढा वर आला. लघवी जेमतेम होत होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत सुरू झाली तर ठीक, नाहीतर मशीनवर, म्हणजे डायलिसिसला, पाठवावं लागेल, आणि मशीन तेव्हा फार लांब होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी दवाखान्यात गेले. व्हरांड्यात प्रमिला रडत होती आणि तिचा नवरा तिला सगळ्यांदेखत बोलत होता. तू सुकट दिलीस, तुझ्याच्याने एक डबा सांभाळला गेला नाही. माझ्याकडे तिने पाहिलं, मी तिची बाजू घेईन अशा आशेने. खरं सांगते, तिथून मागे फिरायचं माझ्या मनात आलं. डॉक्टरांना मी फोनवर "रुग्ण दुखण्याची गोळी घेत होत्या" एवढंच सांगितलं होतं. कुणाकडून, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. शिवाय काशिनाथ होताच. गोळी त्याने आणली, त्याने लपवली, त्याच्या डोक्यावर ढकलली असती तर तो बिचारा नाही म्हणाला नसता. तो पायरीवर बसून आधीच स्वतःला दोष देत होता.

मी म्हटलं, "सुकटीने नाही झालं हे. मी दिलेल्या गोळीने झालं."

मग सगळं सांगितलं, कात्रीसकट. मुलगा काय बोलला ते छापण्यासारखं नाही, आणि तो चुकीचं बोलला असंही मी म्हणणार नाही. त्याने पुढे वर्षभर माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. प्रमिलाने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "म्हणजे सुकट नव्हती?" तेवढंच. पण त्या घरात पुढची दहा वर्षं कामाला येईल असं ते वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे हिरूबायला लघवी झाली. ही बातमी काशिनाथने रिक्षा दुकानासमोर उभी करून, सीटांवरच्या सगळ्या प्रवाशांसह मला दिली. एखाद्या म्हातारीला लघवी झाली म्हणून आठ-नऊ अनोळखी माणसं एकदम खूश झालेली मी त्याआधी किंवा नंतर पाहिली नाहीत. मी काउंटरखाली वाकून, काहीतरी शोधल्यासारखं करून रडून घेतलं.

तिचं मूत्रपिंड मात्र पूर्वीसारखं झालं नाही. थोडं गेलं ते गेलंच. ते माझ्या खात्यावर आहे आणि तिने हसण्यावारी नेलं म्हणून ते उतरत नाही. बरी होऊन ती टोपली न्यायला आली तेव्हा मी हात जोडले. ती म्हणाली, "तू गोली दिली, मी खाल्ली. दोघी सारख्या. पन दोन महिने माजी सुकट बंद केली ती कोन भरून देनार?"

बाजार तिने सोडला नाही. डॉक्टरांना एकदा खरं कळल्यावर त्यांनी उपाय पाच मिनिटांत काढला. बाजाराच्या दिवशी लघवीची गोळी सकाळी नको, घरी परतल्यावर दुपारी घ्या, पण थुंकू नका. गुडघ्याला शेक, आणि दुखलंच तर पॅरासिटामोल, तीही किती आणि किती अंतराने ते मोजून सांगितलं. प्रमिलाने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. कोळिणीने खुर्चीवर बसून मासळी विकायची यावर बाजारात आठवडाभर टवाळी झाली, मग शेजारणीनेही खुर्ची आणली.

मी कोपरे गोल करणं सोडलं. नाव आणि तारीख शाबूत राहील अशी कापायला लागले, धार आली तर कागदात गुंडाळून द्यायला लागले. आणि दुखण्याची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, कुणासाठी? लघवीची गोळी चालू आहे का? हा प्रश्न भर काउंटरवर विचारणं सोपं नाही. क्रिकेट खेळून खांदा धरून आलेला पंचविशीचा एक गडी इतका लाजला की गोळी न घेताच गेला. एक बाई म्हणाल्या, बेन, दुखतं वर आणि तुम्ही विचारता खालचं. काशिनाथला मात्र कसली लाज नव्हती. त्याने पद्धतच पाडली. ज्या घरात कुणाला लघवीची गोळी असेल त्या घराच्या पुडक्याला लाल दोरा. आणि लाल दोरा नसलेलं पुडकं घेताना तो भरल्या रिक्षात ओरडून खात्री करून घ्यायचा. वरोरमध्ये कुणाची कुठली गोळी चालू आहे हे आता समुद्रालाही माहीत आहे.

हे फक्त न शिकलेल्यांचं होतं असं कुणी समजू नये. बोर्डीचे एक निवृत्त मुख्याध्यापक औषधाबरोबरची बारीक अक्षरातली घडी चष्मा पुसून पूर्ण वाचायचे आणि त्यात लिहिलेले सगळे त्रास त्यांना दुसऱ्या दिवशी व्हायचे. त्यांना मी माझा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, मी फक्त रक्तदाबाची गोळी घेतो, ती दुसरी मला कशाला? मी त्यांचं पाकीट मागितलं. एका गोळीत दोन औषधं, त्यातलं दुसरं लघवीचंच. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत ते असं जोडीने येतं आणि वरून काही कळत नाही. सर्दीच्या गोळ्यांतही कधीकधी दुखण्याचं औषध असंच लपून बसलेलं असतं. मुख्याध्यापकांनी मला पाकीट परत मागितलं, स्वतः वाचलं, आणि म्हणाले, "हे अक्षर फार लहान आहे." चूक कबूल करायची त्यांची ती पद्धत होती.

दुकान विकून मला तीन वर्षं झाली. प्रमाणपत्र काढून आणलं, ते आता कपाटात आहे, हात जोडून घ्यायची सोय राहिली नाही. रक्तदाब मलाही लागला. गेल्या महिन्यात बाजारात गेले तेव्हा गुडघा एवढा धरला होता की हिरूबायच्या खुर्चीला धरून उभी राहिले. तिने काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, घरी गेले की एक लाल गोळी घेईन. पर्समध्ये होतीच.

तिचा पापलेटावरचा कोयता थांबला.

"लघवीची गोली चालू हाय?"

मी हसून नाही म्हटलं. मी स्वतःच्या बाबतीत मुख्याध्यापकच होते. फक्त रक्तदाबाची आहे, म्हटलं. तिने कोयता बाजूला ठेवला, ओले हात लुगड्याला पुसले आणि हात पुढे केला. "पाकीट दाव."

तिला वाचता येत नाही. हल्ली प्रमिलाही बाजारात तिच्या मदतीला बसते, तिला तिने हाक मारली. प्रमिलाने माझ्या गोळीचं पाकीट उजेडात धरून दोन्ही नावं वाचली, मग दुसरं नाव पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. हिरूबायने माझ्या पर्समधली लाल गोळी काढून घेतली, आपल्या कमरेच्या पिशवीत टाकली, आणि डॉक्टरांना फोन लावून मी दुखण्याचं विचारेपर्यंत पापलेट काही दिलं नाही.